दृष्टिपटलातील चेतापेशी व चेतापोषक घटकांचा शोध : एक ऐतिहासिक आढावा

काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. दृष्टिपटलातील ज्या गुच्छिका पेशींच्या अक्षतंतूंची दृष्टिचेता बनते, त्या पेशी एकदा नष्ट झाल्या की त्यांची जागा नव्या पेशी घेत नाहीत. या पेशी जगतात कशाच्या आधारावर, या प्रश्नाच्या उत्तराचा प्रारंभ मात्र नेत्रविज्ञानात नव्हे, तर कोंबडीच्या गर्भावरील प्रयोगांत झाला.

गर्भाच्या पंखाचा अंकुर काढून टाकल्यास त्या बाजूच्या चेतापेशींची संख्या घटते, असे व्हिक्टर हॅम्बर्गर यांनी १९३४ साली दाखविले. अंकुराअभावी पेशी तयारच होत नसाव्यात, असे त्यांचे अनुमान होते. मुसोलिनी राजवटीच्या १९३८ मधील वंशविषयक कायद्यांमुळे विद्यापीठाबाहेर पडलेल्या रीटा लेव्ही-मोंटालचिनी यांनी ट्युरिन येथे राहत्या घरी हाच प्रश्न पुन्हा हाती घेतला. पेशी तयार होतात, परंतु ज्या अवयवाशी जोडले जायचे त्याचा आधार न मिळाल्याने मरतात, हा त्यांचा निष्कर्ष होता. पुढील सर्व संशोधनाचे बीज या एका फरकात आहे.

१९४७ मध्ये त्या हॅम्बर्गर यांच्या निमंत्रणावरून सेंट लुईसला गेल्या. तेथे स्टॅन्ली कोहेन यांच्या सहकार्याने 'नर्व्ह ग्रोथ फॅक्टर' वेगळा करण्यात आला. अर्कातील न्यूक्लिइक आम्ल नष्ट करण्यासाठी वापरलेल्या सर्पविषातच हा घटक विपुल आढळावा, हा योगायोग विलक्षणच म्हणावा लागेल. १९८६ चे नोबेल पारितोषिक या दोघांना मिळाले. त्यात हॅम्बर्गर यांचे नाव नसणे अनेकांना खटकले.

हा घटक प्रामुख्याने संवेदी व अनुकंपी चेतापेशींना उपयुक्त ठरला. दृष्टिपटलासाठी निर्णायक ठरला तो दुसराच. बार्ड, एडगर व थोनेन यांनी १९८२ साली डुकराच्या दीड किलो मेंदूतून अवघा एक मायक्रोग्रॅम प्रथिन शुद्ध केले. तेच 'ब्रेन-डिराइव्ह्ड न्यूरोट्रॉफिक फॅक्टर', अर्थात बीडीएनएफ. उंदरांच्या गुच्छिका पेशी संवर्धनात त्याच्या आधाराने जगतात, हे १९८६ मध्ये सिद्ध झाले.

मेंदूतील बीडीएनएफ अक्षतंतूंतून उलट दिशेने गुच्छिका पेशींपर्यंत पोहोचते. डोळ्यातील दाब वाढला की ही वाहतूक दृष्टिचेतेच्या मुखाशी अडते, असे २००० साली प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आले. म्हणजे काचबिंदूत पेशी केवळ दाबाखाली चिरडत नाहीत, त्यांची रसदही तुटते. अर्थात, दृष्टिपटलातही बीडीएनएफ निर्माण होत असल्याने एवढ्याच कारणाने सर्व उलगडा होतो असे मानणे घाईचे ठरेल.

मग बाहेरून रसद पुरविली तर? मॉन्ट्रियल येथे आग्वायो यांच्या प्रयोगशाळेत दृष्टिचेता छेदलेल्या उंदरांच्या डोळ्यांत बीडीएनएफ टोचण्यात आले. पुढे १९९८ मध्ये विषाणूच्या साह्याने त्याचे जनुकच दृष्टिपटलाच्या आधारपेशींत घालण्यात आले. पेशी अधिक काळ जगल्या, परंतु कायमच्या वाचल्या नाहीत. इजेनंतर गुच्छिका पेशींवरील संबंधित ग्राहीच कमी होतात, हे त्याचे एक कारण मानले जाते. घेणाराच दुबळा झाल्यावर पुरवठा वाढवून किती साधणार?

उपचारातील यश मात्र वेगळ्या पेशींबाबत आले. 'सिलिअरी न्यूरोट्रॉफिक फॅक्टर' सतत स्रवणाऱ्या पेशींची डोळ्यात बसविण्याची सूक्ष्म कुपी मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत संमत झाली. मॅक्युलर टेलँजिएक्टेशिया प्रकार २ या विकारात ती प्रकाशग्राही पेशींचा ऱ्हास मंदावते, थांबवीत नाही. काचबिंदूसाठी ती संमती नाही. तेथे डोळ्यातील दाब कमी करणे हाच सिद्ध उपचार आहे.