एस.टी.च्या अखेरच्या थांब्यापुढे : जलाशयाकाठच्या पायवाटा आणि ग्रामनामांची साक्ष

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पदभ्रमणास जाणारा मनुष्य बहुधा एस.टी.च्या अखेरच्या थांब्यावर उतरतो, जलाशयाच्या काठाने मैल दोन मैल चालतो आणि पुढे रानात शिरतो. आपण इतिहास मागे ठेवून निसर्गाच्या सान्निध्यात आलो, अशी त्याची समजूत असते. ही समजूत तपासून पाहावयास हवी. ज्या पाण्याकाठी तो चालतो ते पाणी बहुतेक ठिकाणी शंभर वर्षांच्या फारसे पलीकडचे नाही. ज्या पायवाटेने तो जातो ती वाट मात्र त्या पाण्याहून पुष्कळच जुनी असते. खोऱ्याच्या तळाने जाणारी मूळ वाट बुडाली, मोटारीचा नवा रस्ता डोंगराच्या कडेने काढला गेला, आणि या दोहोंमध्ये जुन्या वाटांचे जे तुकडे शिल्लक राहिले त्यांवरून आजचे पदभ्रमण चालते. या तुकड्यांची साक्ष मुख्यतः नावांत राहिली आहे. भंडारदरा, मुळशी आणि कोयना या तीन ठिकाणच्या नावांच्या आधारे ती साक्ष मांडण्याचा येथे प्रयत्न आहे.

प्रथम वाहनाचा विचार करू. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. पुढील दशकांत ही सेवा घाटमाथ्यावरील आडगावांपर्यंत पोहोचली. रात्री गावातच राहून पहाटे परतणारी ‘मुक्कामाची गाडी’ ही त्या गावाची बाहेरच्या जगाशी असलेली एकमेव बांधीलकी, अशी स्थिती अनेक ठिकाणी होती. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, जी नावे तोवर मोडी दफ्तरांत किंवा इंग्रजी गॅझेटियरांच्या वेड्यावाकड्या वर्णांतरात होती, ती गाडीच्या पाटीवर नागरी लिपीत सर्वांच्या डोळ्यांसमोर आली. पर्यटकांचा नकाशा जलाशयाचे नाव ठळक छापतो, एस.टी.ला मात्र गावकऱ्याला त्याच्या गावी उतरवावयाचे असते, म्हणून तिच्या तिकिटाचा टप्पा गावाच्याच नावाचा असतो. ‘फाटा’ हा शब्द या संदर्भात पाहण्याजोगा आहे. अमुक फाटा म्हणून जेथे आपण उतरतो तेथे ते गाव नसते. ते बाजूला, खाली किंवा पाण्यापलीकडे असते. नवा रस्ता आणि जुनी वस्ती यांतील अंतराची ती भाषिक नोंदच होय.

भंडारदऱ्याचे धरण प्रवरा नदीवर आहे. त्याचे बांधकाम १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पूर्ण झाले. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्यावरून धरणास ‘विल्सन’, आणि आर्थर हिल या अभियंत्यावरून जलाशयास ‘आर्थर’ अशी नावे देण्यात आली. घोटीहून किंवा अकोल्याहून येणारा प्रवासी उतरतो तो मात्र शेंडी या गावी. शेंडीहून जलाशयाला वळसा घालणाऱ्या वाटेवर मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल अशी गावे लागतात. या मालिकेत एकही नाव पाण्याचे नाही. कारण उघड आहे : ही नावे पडली तेव्हा तेथे तळे नव्हते, नदी होती आणि घाट होते.

यांतील ‘घाटघर’ हे नाव विशेष बोलके आहे. याच नावाचे दुसरे गाव जुन्नर तालुक्यात, नाणेघाटाच्या माथ्यावर आहे. नाणेघाट हा कोकणातून जुन्नरकडे येणारा सातवाहनकालीन मार्ग असल्याचे तेथील शिलालेखांवरून सिद्ध आहे. दोन्ही घाटघरे कोकणात उतरणाऱ्या वाटांच्या शिरोभागी असावीत, हा योगायोग मानता येत नाही. घाटमाथ्यावरील वस्तीचे हे जातिवाचक नाव असून पुढे ते विशेषनाम झाले, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. आज भंडारदऱ्याजवळचे घाटघर हे २००८ मध्ये कार्यान्वित झालेल्या उदंचन जलविद्युत प्रकल्पासाठी प्रसिद्ध आहे. परंतु विजेच्या कितीतरी आधी तेथून माणसांची उतारवाट जात होती, हे नावावरून कळते. घोटीकडून येताना कळसूबाईच्या पायथ्याशी लागणारे ‘बारी’ हे गावही असेच. बारी म्हणजे खिंड. बागलाणातील सेलबारी-डोलबारी या डोंगररांगांच्या नावांत हाच शब्द आहे. साम्रदजवळच्या अरुंद दरीस कोणी ‘सांदण’ म्हणतात, कोणी ‘सांधण’. सांद, सांदी म्हणजे फट. सांधणे म्हणजे जोडणे. अर्थ परस्परविरुद्ध भासले तरी दोन्ही रूपे संस्कृत ‘संधि’ या एकाच मूळाकडे जातात. म्हणून कोणते रूप शुद्ध हा वाद व्यर्थ असून स्थानिक रहिवासी काय म्हणतात हेच नोंदविणे इष्ट होय.

मुळशीची कथा अधिक कटू आहे. टाटा कंपनीच्या जलविद्युत योजनेसाठी मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधण्याचे ठरले. त्यात पन्नासाहून अधिक गावांच्या जमिनींवर गदा येणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी लोकांनी दिली ती याच लढ्यात. लढा १९२४ पर्यंत चालला आणि अखेर अयशस्वी झाला. धरणाचे पाणी बोगद्यांतून व नळांतून कोकणात भिरा येथील वीजगृहाकडे सोडण्यात आले. मुळशी या नावाचा तालुका आज आहे, पण त्याचे मुख्य ठिकाण पौड आहे. पुण्याहून ताम्हिणी घाटाने कोकणात जाणाऱ्या प्रवाशास ‘मुळशी’ हा शब्द ऐकताच तलाव आठवतो, गाव आठवत नाही. एका ग्रामनामाचा अर्थ जलाशयाने गिळला, असा हा प्रकार आहे.

या तलावाच्या पश्चिमेस पिंपरी गावापासून भिऱ्यापर्यंत उतरणारी ‘अंधारबन’ नावाची रानवाट आहे. धरणाच्या पाण्याला कोकणात उतरण्यास बोगदा खणावा लागला. माणसे मात्र या रानातून पूर्वीपासूनच उतरत होती. ‘बन’ या शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. संस्कृतातील शब्दारंभीचा ‘व’ मराठीत सामान्यतः टिकतो. हिंदीत त्याचा ‘ब’ होतो. आपण वाट, वाघ, वड म्हणतो, उत्तरेकडे बाट, बाघ, बड म्हणतात. या नियमाने ‘वन’चे ‘बन’ होणे हा मराठीतील अपवाद ठरतो आणि उत्तरेकडील बोलींच्या संपर्काचा विचार करावा लागतो. वाटेत लागणाऱ्या हिरडी या गावाचे नाव हिरड्याच्या झाडाशी निगडित दिसते. तात्पर्य, या वाटेवरील नावे रानाचे गुण व झाडे सांगतात, तर भंडारदऱ्याच्या वाटेवरील नावे खिंडी व उतार सांगतात.

तिसरे ठिकाण कोयनेचे. १९६० नंतरच्या दशकात कोयना धरणाचे पाणी खोऱ्यात पसरले. विस्थापितांचे पुनर्वसन सातारा जिल्ह्याबाहेर, ठाणे, रायगड, सोलापूर अशा दूरच्या जिल्ह्यांतही झाले. जलाशयास ‘शिवसागर’ असे नाव मिळाले. साताऱ्याहून कास पठारावरून बामणोलीस एस.टी.ने जाता येते. तेथून नावेने पाणी ओलांडले म्हणजे वासोट्याची रानवाट सुरू होते. १९८५ मध्ये येथे अभयारण्य झाले आणि २०१० मध्ये त्याचा समावेश सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात झाला. आता वनखात्याच्या परवानगीनेच जाता येते. ‘वासोटा’ या नावाचा संबंध वसिष्ठ ऋषींशी जोडणारी लोकव्युत्पत्ती ध्वनिदृष्ट्या सहज जुळत नाही. त्याहून खात्रीचा पुरावा पायथ्याच्या मेट इंदवली या नावात आहे. ‘मेट’ म्हणजे किल्ल्याच्या उतारावरील पहाऱ्याची चौकी. तेथे राखण करणारे ते मेटकरी. वासोटा १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला आणि पहारा संपला. पुढे धरण व अभयारण्य यांमुळे वस्तीही उठली. पहारेकरी नाहीत, गावकरी नाहीत. चौकीचे नाव तेवढे वाट राखीत राहिले आहे.

आता जलाशयांच्या नावांकडे एकत्र पाहिल्यास दोन थर स्पष्ट दिसतात. परकीय राजवटीने राज्यकर्त्यांची व अभियंत्यांची नावे दिली : विल्सन, आर्थर, तसेच खडकवासल्याचा ‘फाइफ’ तलाव. स्वातंत्र्यानंतर स्वराज्यातील वीरांची नावे आली : शिवसागर, पानशेतचा तानाजीसागर, वरसगावचा वीर बाजी पासलकर जलाशय. बाजी पासलकर हे त्या मोसे खोऱ्याचेच देशमुख, म्हणून ते नाव भूमीशी प्रामाणिक आहे. या दोन्ही थरांच्या खाली तिसरा थर आहे तो गावांचा, आणि लोकव्यवहारात टिकला तोच. भंडारदरा, मुळशी, पानशेत हेच शब्द आपण बोलतो. राज्ये बदलली, फलक बदलले. बोलणाऱ्याच्या तोंडचे गाव बदलले नाही.

तथापि हा तिसरा थर सुरक्षित आहे असे समजणे चुकीचे ठरेल. अलीकडे ‘पॉइंट’, ‘व्हॅली’, ‘रिव्हर्स वॉटरफॉल’ अशी नावे या वाटांवर झपाट्याने पसरत आहेत. भाषेत नवे शब्द येण्यास आमचा विरोध नाही. पण त्यांच्याखाली एखादे मेट, एखादी बारी झाकली जाते तेव्हा त्या वाटेचा एकमेव लेख पुसला जातो. मुळशीच्या सत्याग्रहाची पिढी गेली. कोयनेचे पाणी चढताना जे विशीत होते ते आज ऐंशी ओलांडून गेले आहेत. बुडालेल्या शिवारांची, ओढ्यांची, उतारांची नावे त्यांच्या स्मरणात आहेत, आणि ती माणसे खोऱ्यात नसून दूरच्या वसाहतींत आहेत.

म्हणून विद्यार्थ्यांना आमची सूचना साधी आहे. या खोऱ्यांत जाताना खाजगी मोटारीने जाऊ नये, एस.टी.ने जावे. पाटीवरील आणि टप्प्यांच्या यादीतील नावे जशीच्या तशी उतरून घ्यावीत, शेजारी बसलेल्या वृद्धास प्रत्येक नावाचा उच्चार विचारावा, आणि फाट्यावर उतरल्यावर गाव कोठे आहे, पूर्वी कोठे होते, हे विचारून मगच पायवाट धरावी. त्यानंतर विस्थापितांच्या वसाहतींत जाऊन तीच यादी त्यांना वाचून दाखवावी. जे नाव यादीत नाही आणि त्यांच्या तोंडी आहे, ते प्रथम लिहून घ्यावे.