रेषा व प्रतले यांचे छेदन

त्रिमितीय अवकाशात दोन असमांतर प्रतले एका रेषेत छेदतात; प्रतलाला समांतर नसलेली रेषा त्याला एकाच बिंदूत छेदते. दोन असमांतर रेषा मात्र सहसा छेदतच नाहीत, कारण केवळ 2 प्रचलांना 3 समीकरणे एकाच वेळी पाळावी लागतात. मावळातील उर्से परिसराच्या नकाशावर स्थानिक रस्ते मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाला छेदताना दिसतात, असा आक्षेप येईल. पण नकाशा उंची गाळतो. अशा मार्गाला स्थानिक रस्ता पुलावरून किंवा भुयारी मार्गाने ओलांडतो. तेथे दोन्ही रस्त्यांच्या सरळ मध्यरेषा एका प्रतलात नसतात. म्हणून सपाट आकृतीतील छेद हा अवकाशातील छेदाचा पुरावा ठरत नाही. एखाद्या बिंदूचे तिन्ही सहनिर्देशक दोन्ही रेषांवर जुळले, तरच त्या खरोखर छेदतात.