तारण गमावणे

(ख्रिस्ती धर्मविचार). पाप आणि पापाचे फळ असलेले मरण यांतून येशू ख्रिस्ताच्या द्वारे माणसाची होणारी सुटका म्हणजे तारण. एकदा मिळालेले हे तारण पुढे हातचे जाऊ शकते का, हा ख्रिस्ती धर्मविचारातला जुना आणि आजवर न मिटलेला प्रश्न आहे. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, ल्यूथरन आणि मेथडिस्ट परंपरा म्हणतात, जाऊ शकते. धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिनच्या वाटेने गेलेले प्रेसबिटेरियन आणि बहुसंख्य बॅप्टिस्ट म्हणतात, खरे तारण असेल तर जात नाही. मराठी मुलखात दोन्ही उत्तरे वेगवेगळ्या जहाजांतून आली. इथे मात्र प्रश्नाचे रूप बदलले. ‘तारण हरवते का’ याहून ‘परत फिरलेल्याचे काय’ हाच प्रश्न लोकांपुढे प्रत्यक्षात उभा राहिला.

शब्द. मराठी बायबलची या विषयावरची भाषा देवळातली कमी आणि चावडीवरची, बाजारातली जास्त आहे. मुलुंडच्या बाजारात सोनेतारण कर्जाची पाटी वाचणाऱ्याला तारण म्हणजे गहाण टाकलेली वस्तू. रविवारी चर्चमध्ये त्याच शब्दाचा अर्थ सुटका. पौलाच्या पत्रांत पवित्र आत्म्याला ‘विसार’ म्हटले आहे, श्रद्धावंताला मिळणाऱ्या वारशाला ‘वतन’, आणि सोडवणुकीच्या मोलाला ‘खंडणी’. या शेवटच्या शब्दाने आजचा मुंबईकर दचकतो ते वेगळे. मात्र विसाराचा व्यवहार नीट पाहिला तर वादाची एक बाजू त्यातच सापडते. विसार देणारा मागे फिरला तर विसार त्याचाच बुडतो. इथे विसार दिला आहे देवाने. म्हणजे सौदा मोडला तर नुकसान देवाचे. तारण टिकते असे मानणाऱ्यांना याहून सोपा दाखला मिळणे कठीण. ‘वतन’ही त्यांच्याच बाजूने बोलते, कारण वतन घराण्यात राहते, सहजासहजी परक्याकडे जात नाही. पण वतनासोबत चाकरीही येते, आणि वतने खालसा झाल्याचेही मराठी माणसाने पाहिले आहे. महार वतनासारखी कनिष्ठ गावकामगार वतने तर १९५८च्या कायद्याने संपली. दाखला दुसऱ्या बाजूलाही वळतो तो असा.

शास्त्राधार. नव्या करारात दोन्ही सूर आहेत, आणि वाद संपत नाही तो त्यामुळेच. योहानाच्या दहाव्या अध्यायात येशू म्हणतो की त्याची मेंढरे त्याच्या हातातून कोणी हिसकावून घेणार नाही. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायाचा शेवटही तसाच ठाम आहे. याउलट इब्री लोकांस पत्राचा सहावा अध्याय सांगतो की स्वर्गीय दानाची चव घेऊन जे पतन पावले त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणे अशक्य. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात अशांना ओकारीकडे परतणाऱ्या कुत्र्याची आणि धुतल्यावर पुन्हा चिखलात लोळणाऱ्या डुकरिणीची उपमा दिली आहे. कॅल्व्हिनवादी योहानाच्या पहिल्या पत्राचा (२:१९) आधार घेऊन म्हणतात की जे निघून गेले ते मुळात आपले नव्हतेच. हे उत्तर बिनतोड आहे, पण खोडून काढण्याची सोयच नसल्यामुळे ते बिनतोड आहे. माणूस शेवटपर्यंत टिकला की नाही हे मेल्यावरच कळायचे असेल, तर जिवंतपणी त्याला खात्री कशाची द्यायची?

युरोपातला वाद. पाचव्या शतकात ऑगस्टीनने ‘टिकून राहणे’ हे देवाचे दान मानले, पण ते कोणाला लाभले हे या जन्मी कळत नाही असेही म्हटले. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४७ मध्ये ठरवले की कोणत्याही गंभीर पापाने कृपा हरपते, पण पापनिवेदनाने ती परत मिळते. जहाज फुटल्यावर हाती लागणारी दुसरी फळी, ही त्यासाठी वापरली जाणारी जुनी उपमा. नेदरलँड्समध्ये धर्मपंडित आर्मिनियसच्या अनुयायांनी १६१० च्या आपल्या पाच कलमांत हा मुद्दा अजून तपासायला हवा असे म्हणून मोकळा सोडला. १६१८-१९ च्या डॉर्टच्या सभेने तो बंद केला : निवडलेले शेवटपर्यंत टिकतात. १६४७ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासाच्या जाहीरनाम्यानेही हे एका समजूतदार पुस्तीसह मांडले. असे लोक काही काळ घोर पापात पडू शकतात, पण पूर्णपणे आणि कायमचे नाही. अठराव्या शतकात जॉन वेस्लीने हे मत धुडकावले, आणि त्याचा मेथडिस्ट पंथ आर्मिनियसच्या बाजूला गेला.

साष्टी. मुंबईच्या भांडूप आणि मुलुंड या उपनगरांमधले नाहूर ज्या साष्टी बेटावर आहे, ते १५३४ पासून पोर्तुगीजांकडे होते. इथला जुना ख्रिस्ती समाज कॅथलिक. १८८७ पासून तो ईस्ट इंडियन म्हणवतो. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली आणि १७३९ मध्ये वसई. पोर्तुगीज पाद्री गेले, पण गोव्याकडचे देशी पाद्री राहिले, त्यामुळे समाज टिकला. सगळा मात्र नाही. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरात वरप आगऱ्यांची नोंद आहे. हे लोक पूर्वी ख्रिस्ती होते, १८२० च्या दशकात हिंदू धर्मात परतले आणि ‘नवे मराठे’ म्हणवू लागले. तारण गमावण्याचा प्रश्न या परिसरात अख्ख्या गावांच्या पातळीवर आला तो असा; जाहीरनामे आणि कलमे त्यात कुठेच नव्हती. कॅथलिक हिशेबाने या मंडळींची कृपा गेली, पण बाप्तिस्म्याचा ठसा गेला नाही, कारण तो पुसला जात नाही असेच मत आहे. त्यांतला कोणी पुन्हा चर्चच्या दारात आला असता तर त्याला दुसऱ्यांदा बाप्तिस्मा दिला गेला नसता. पापनिवेदन पुरले असते. आगरी जातीच्या हिशेबाने मात्र परत आलेला ‘नवा’च राहिला, आणि ‘वरप’ ही वेगळी ओळख पिढ्यान्‌पिढ्या चिकटली. ठसा दोन्हीकडे पुसला गेला नाही, असे म्हणायला हरकत नाही.

मिशनांचा काळ. १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झाले. ही मंडळी काँग्रिगेशनल, म्हणजे कॅल्व्हिनच्या घराण्यातली. १८२९ मध्ये आलेले जॉन विल्सन आणि त्यांचे स्कॉटिश सहकारी प्रेसबिटेरियन. म्हणजे मराठी प्रॉटेस्टंटांचे पहिले गुरू तारण न गमावण्याच्या पक्षाचे होते. पण त्यांच्या शाळांतल्या मुलांना आणि त्या मुलांच्या आईबापांना वेगळाच घोर लागलेला होता : जात गेली तर परत मिळते का?

१८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाचा मुंबईत बाप्तिस्मा झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत पाद्री नेस्बिट यांच्याकडे राहून जेवला होता, पण त्याला बाप्तिस्मा मिळालेला नव्हता. वडिलांनी सुप्रीम कोर्टात धाव घेतली आणि कोर्टाने मुलगा त्यांच्या ताब्यात दिला. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला जातीत घ्यावे म्हणून खटपट केली. सनातन्यांनी कडाडून विरोध केला, आणि मुंबईच्या ब्राह्मणांत दोन तट पडले. या प्रकरणाकडे बहुधा समाजसुधारणेच्या इतिहासाचा एक प्रसंग म्हणून पाहिले जाते. पण त्याचा सांगाडा पाहिला तर तो हुबेहूब ट्रेंट आणि इब्री पत्राचा सहावा अध्याय यांच्यातल्या वादाचा आहे. एक पक्ष म्हणतो, पडलेला प्रायश्चित्ताने उठतो. दुसरा म्हणतो, गेलेले ते गेले. फरक इतकाच की इथे हरवलेली वस्तू जात होती. सात वर्षांनी, १८५० च्या २१ व्या कायद्याने, धर्म बदलला म्हणून वडिलोपार्जित वारसा बुडणार नाही असे सरकारने ठरवून टाकले. ऐहिक वतनापुरता प्रश्न सुटला. पुढे नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले.

रमाबाई. पंडिता रमाबाईंची गोष्ट या वादाला तिसरीच दिशा देते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज येथे अँग्लिकन पद्धतीने त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे १९०७ च्या आपल्या साक्षीत त्यांनी लिहिले की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नाही. विल्यम हॅस्लॅम या इंग्रज पाद्र्याचे आत्मकथन वाचून त्या हलल्या होत्या. हे गृहस्थ पाळकपदावर असतानाच, स्वतःच्याच प्रवचनाने पालटले होते. रमाबाईंच्या लेखी प्रश्न मिळालेले हरवण्याचा नव्हताच; आपल्याजवळ आहे असे समजलेले मुळात मिळाले होते का, असा तो होता. शास्त्राच्या परंपरेत वाढलेल्या, प्रत्येक शब्दाचा अर्थ तपासणाऱ्या बाईला हाच प्रश्न पडावा यात नवल नाही. १९०५ मध्ये त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनात संजीवनाची मोठी लाट आली. मुली रडत, पापे कबूल करत, रात्ररात्र प्रार्थना करत. पेंटेकॉस्टल चळवळीच्या जागतिक इतिहासात या घटनेला मानाचे स्थान आहे. अशा संजीवनाला ‘मागे पडलेला’ माणूस लागतोच. ज्याचे काहीच हरवू शकत नाही त्याला पुन्हा जागे करायचे कशाला?

१८८२ मध्ये मुंबईत आलेल्या मुक्तिफौजेचे (साल्व्हेशन आर्मी) उत्तर याच बाजूचे आहे. तिच्या अकरा सिद्धांतांपैकी नववा सांगतो की तारणात राहणे हे आज्ञाधारक विश्वास सतत ठेवण्यावर अवलंबून असते.

मांजर आणि माकड. याच्याशी मिळत्याजुळत्या प्रश्नावर दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांत दोन पंथ झाले. मांजरी पिलाला तोंडात धरून नेते, पिलाला काही करावे लागत नाही. हा मार्जारन्याय तेंकलै पंथाचा. माकडाचे पोर आईला स्वतः घट्ट धरते, हात सुटला की पडते. हा मर्कटन्याय वडकलै पंथाचा. कॅल्व्हिन मांजरीकडचा आणि वेस्ली माकडाकडचा, अशी मांडणी भारतीय ख्रिस्ती शिक्षणात सोयीची ठरते. एक गोष्ट तीत बसत नाही : वेस्लीच्या मते पकडण्याचे बळही कृपेनेच मिळते.

आजची स्थिती. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्यात अँग्लिकन, काँग्रिगेशनल-प्रेसबिटेरियन, बॅप्टिस्ट आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन वळणाचे मेथडिस्ट एका छपराखाली आले. डॉर्ट आणि वेस्ली यांचे वारस त्या दिवसापासून एकाच वेदीपाशी गुडघे टेकतात, आणि या मुद्द्यावर एकमेकांना हटकत नाहीत. मराठी मंडळ्यांत हा वाद व्यासपीठावर कमी आणि घरी जास्त निघतो. मुलगी परधर्मात दिली, भाऊ दारूपायी चर्च सोडून बसला, आजोबांच्या आजारपणात कोणी गुपचूप नवस केला, अशा वेळी.

नाहूर, भांडूप, मुलुंड या पट्ट्यात ईस्ट इंडियन, मल्याळी आणि मराठी ख्रिस्ती शेजारी शेजारी राहतात, त्यामुळे ‘परत फिरलेल्याचे काय’ याची दोन उत्तरे एकाच इमारतीत भेटतात. वर्षानुवर्षे चर्चला न गेलेला कॅथलिक ईस्टरच्या आधी पापनिवेदनाला जातो आणि त्याचे खाते पुन्हा सुरू होते. त्याचा शेजारी पेंटेकॉस्टल सभेत गेला तर तिथे त्याला पुन्हा पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात, कारण तान्हेपणी कपाळावर ओतलेले पाणी तिथे मोजत नाहीत. जुन्या चर्चच्या वहीत त्याचे नाव मात्र तसेच राहते.