लंडन-पॅरिस हवाई मार्ग आणि प्रवासाचा वेळ

पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरील दोन ठिकाणांमधील सर्वांत आखूड मार्ग बृहद्वृत्तावर, म्हणजे पृथ्वीचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळावर, मोजला जातो आणि या हिशेबाने लंडन व पॅरिस यांच्यातील अंतर सुमारे ३४४ किलोमीटर भरते. हे अंतर कापण्यास लागणारा वेळ मात्र विमानाच्या गतीपेक्षा जमिनीवरील व्यवस्थेवरच अधिक अवलंबून राहिला, असे या मार्गाच्या इतिहासावरून दिसते.

२५ ऑगस्ट १९१९ रोजी ‘एअरक्राफ्ट ट्रान्सपोर्ट अँड ट्रॅव्हल’ या ब्रिटिश कंपनीने लंडनजवळील हाउन्स्लो हीथ ते पॅरिसजवळील ल बुर्जे अशी रोजची सेवा सुरू केली. पहिल्या महायुद्धातील बॉम्बफेकी विमानात फेरफार करून बनवलेल्या डीएच-४ए या विमानाने एक प्रवासी, काही वर्तमानपत्रे, डेव्हनशायरची घट्ट साय आणि शिकारीचे पक्षी एवढा ऐवज सुमारे अडीच तासांत पॅरिसला पोहोचवला. एकेरी भाडे २१ पौंड, म्हणजे सामान्य कामगाराची कित्येक आठवड्यांची मजुरी होती. त्या काळी वैमानिक खालचे रस्ते आणि लोहमार्ग पाहून दिशा ठरवीत असल्याने प्रत्यक्ष उड्डाण सरळ रेषेत होत नसे. शिवाय दोन्ही बाजूंची विमाने एकाच रस्त्यावरून येत-जात. ७ एप्रिल १९२२ रोजी पिकार्डी प्रांतात धुक्यात समोरासमोर आलेली एक ब्रिटिश आणि एक फ्रेंच अशी दोन प्रवासी विमाने धडकून सात जण मरण पावले, त्यानंतर अशा खुणेच्या उजव्या बाजूने उडण्याचा नियम रूढ झाला.

पुढील दशकात वेळ फारसा घटला नाही. १९३१ पासून इम्पीरियल एअरवेजने वापरलेली एचपी-४२ ही चार इंजिनांची विमाने ताशी सुमारे १६० किलोमीटर वेगानेच उडत. वाढला तो आराम. खरा फरक २९ जुलै १९५० रोजी पडला, जेव्हा व्हायकाउंट या टर्बोप्रॉप विमानाने, म्हणजे वायुटर्बाइनने पंखा फिरवणाऱ्या विमानाने, नॉर्थॉल्टहून ल बुर्जेपर्यंत भाडे भरलेले प्रवासी सुमारे तासाभरात नेले.

आजच्या वेळापत्रकात मात्र याच प्रवासाला साधारण सव्वा तास दिलेला असतो, कारण त्यात चाकांखालील उटी काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंतचा सगळा काळ, धावपट्टीपर्यंतची रांग आणि उतरण्याच्या परवानगीची वाटही धरलेली असते. शिवाय १९७४ मध्ये सुरू झालेला शार्ल द गोल विमानतळ ल बुर्जेपेक्षाही शहरापासून दूर असून, सुरक्षा तपासणीचा वेळ निराळाच. १९९४ मध्ये खाडीखालच्या बोगद्यातून सुरू झालेली युरोस्टार रेल्वे २००७ पासून सुमारे सव्वादोन तासांत एका शहराच्या मध्यभागातून दुसऱ्याच्या मध्यभागात पोहोचू लागली आणि थेट प्रवाशांचा मोठा वाटा तिच्याकडे वळला. विमानांना आधार उरला तो पुढचे उड्डाण गाठणाऱ्यांचा. अडीच तासांच्या आत रेल्वेने होणाऱ्या प्रवासासाठी विमानसेवेवर निर्बंध घालणारा फ्रान्सचा कायदा २०२३ मध्ये अमलात आला खरा, पण तो देशांतर्गत मार्गांपुरताच असल्याने लंडनची उड्डाणे त्याबाहेर राहिली.