सिकलसेल पांडुरोग : विदर्भातील इतिहास

रक्तातील तांबड्या कोशिकांमधील हीमोग्लोबिन या प्रथिनाच्या रचनादोषामुळे होणारा आनुवंशिक रोग. ऑक्सिजन कमी पडल्यास या कोशिका विळ्यासारख्या वाकड्या व ताठर बनून सूक्ष्म रक्तवाहिन्या अडवितात आणि लवकर नाश पावतात. परिणामी पांडुरोग, हाडांच्या तीव्र वेदना व वारंवार जंतुसंसर्ग ही लक्षणे उद्‌भवतात. महाराष्ट्रात भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर व नंदुरबार या जिल्ह्यांत तो विशेष आढळतो.

जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये शिकागो येथील एका रुग्णाच्या रक्तातील अशा कोशिकांचे वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोष हीमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचे दाखविले. त्याच वर्षी जेम्स नील यांनी त्याची आनुवंशिकता स्पष्ट केली. १९५६-५७ मध्ये व्हर्नन इनग्राम यांना या प्रथिनात ग्लुटामिक अम्लाच्या जागी व्हॅलीन हे एकच ॲमिनो अम्ल बदललेले आढळले. भारतात १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये हा दोष आढळला. नागपूरचे शुक्ल व सोळंकी यांनी १९५८ मध्ये द लॅन्सेट या नियतकालिकातून मध्य भारतातील त्याचे अस्तित्व मांडले. विदर्भात आदिवासींखेरीज इतर समाजांतही तो असल्याचे दिसून आले.

सदोष जीन एकाच जनकाकडून आलेली व्यक्ती ‘वाहक’ असून ती बहुधा निरोगी असते. वाहकांना तीव्र हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते, हे ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेत दाखविले. हिवतापग्रस्त वनप्रदेशांत हे जीन टिकून राहण्याचे कारण त्यातून कळते. दोन्ही जनक वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्य रोगी होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणजेच रोगी अपत्याला दोन्ही कुळांकडून जीन आलेले असते. केवळ मातेला दोष देण्यास शास्त्रीय आधार नाही. गर्भावस्थेतील हीमोग्लोबिनचे प्रमाणही आनुवंशिक असून, ते जन्मानंतर अधिक टिकल्यास रोग सौम्य राहू शकतो. तरीही विदर्भात तीव्र रुग्ण आढळतात.

जुलै २०२३ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू केली. २०४७ पर्यंत हा रोग सार्वजनिक आरोग्याची समस्या राहू नये, हे तिचे उद्दिष्ट आहे. विवाहापूर्वी रक्ततपासणी व समुपदेशन हे तिचे महत्त्वाचे अंग होय. वाहक असणे हा रोग नव्हे. विवाहास तो अडसरही नाही. जोडीदाराचीही तपासणी व्हावी, एवढेच त्यातून सूचित होते.