मुंबईतली खाट आणि गावाचं तारण



आता पेडणे स्टेशनवर रात्री गाडीत बसायचं आणि सकाळी मुंबईत उतरायचं. हॉटेल मोबाईलवर आधीच ठरलेलं. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ साली. त्याआधी मुंबईला निघालेल्या गोंयकारापुढे पहिला प्रश्न असायचा, रात्री पाठ कुठे टेकायची?

बार्देश, तिसवाडी, सासष्टीच्या ख्रिस्ती गावांनी त्यावर एकोणिसाव्या शतकातच तोडगा काढला होता. तो म्हणजे कूड. कोंकणीत कूड म्हणजे खोली, आणि पाटीवर नाव 'क्लब ऑफ' अमुक गाव. धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोरच्या जेर महालात अशा कितीतरी कुडी होत्या. माजोर्ड्याची तिथलीच. गावच्या लोकांनी मिळून जागा भाड्याने घ्यायची, वर्गणी भरायची. भिंतीकडेला पेट्या, जमिनीवर चटई, एका बाजूला गावच्या सायबिणीचा किंवा संताचा आल्तार आणि संध्याकाळी तेर्स. मुक्कामाला जास्त करून तारवटी, म्हणजे बोटीवरचे कुक नि स्टुअर्ड. एक बोट सुटली की दुसरी मिळेपर्यंत महिनोन्‌महिने थांबायचं, लॉजचं भाडं कुठून परवडणार? घरची पत्रंही याच पत्त्यावर यायची.

बँकेत जन्म गेला म्हणून सांगतो, हा तारणाचा व्यवहार होता. लॉजवाला आगाऊ पैसे मागतो, कारण तो आपल्याला ओळखत नाही. इथे गाव हेच तारण. ज्याचं घर ठाऊक, शेत ठाऊक, तो पैसे बुडवून जाणार कुठे?

आम्हा पेडणे-डिचोलीवाल्यांची गोष्ट वेगळी. आमचे महाल पोर्तुगिजांकडे आले ते १७८० च्या दशकात, नव्या काबिजादीत. वस्ती बहुतेक हिंदू, सोयरिकी सावंतवाडीकडे. मुंबईत आमचा आधार म्हणजे गिरगावातल्या चाळीतला कोणीतरी मामा, नाहीतर लालबाग-परळला वाडीकडच्या गिरणी कामगारांची खोली, जिथे एक पाळीवर गेला की दुसरा त्याच जागी आडवा व्हायचा. १९१९ साली मुंबईत गोवा हिंदू असोसिएशन उभी राहिली. तिची 'रायगडाला जेव्हा जाग येते' किंवा 'नटसम्राट' आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. पण नाटक संपल्यावर झोपायला मामाची गॅलरीच!

मी बी.कॉम. होऊन बँकेत लागलो आणि १९७४ ला ट्रेनिंगसाठी मुंबईला गेलो. पणजीहून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरलो आणि गिरगावातल्या एका लॉजमध्ये कॉट घेतली. खोलीत सहा कॉट, पिशवी खुंटीला, पैसे उशीखाली, सकाळी मोरीपुढे रांग. रजिस्टरात 'पेडणे' लिहिलं तर मॅनेजर विचारतो, "पेण का?"

बार्देशचा एक मित्र त्याच्या गावच्या कुडीत उतरला होता. एका रविवारी त्याला भेटायला गेलो. दारातच एका म्हाताऱ्या तारवट्याने अडवलं, "खंयचो रे तूं?" पेडण्याचा म्हटल्यावर लगेच, "बस, च्या घे." चहा झाला, गप्पा झाल्या, पण रात्री मला परत कॉटवरच यावं लागलं. माझं गाव त्या पाटीवर नव्हतं ना. हे कुडीचं कौतुक करणारे सांगत नाहीत. ज्या नावानं दार उघडायचं त्याच नावानं ते बंदही व्हायचं. बायकांना तर मुक्कामाला जागाच नव्हती.

१९५५ मध्ये गोव्याची नाकेबंदी झाली, रेल्वे बंद पडली. मुंबईतल्या कितीतरी गोंयकारांना १९६१ पर्यंत घरी जाणं मुश्किल झालं. त्या सहा वर्षांत या खोल्यांना काय मोल आलं असेल!

आता बोटीवर जाणारा मुलगा विमानाने जातो. २०२३ पासून तर आमच्या पेडण्यातच, मोपाला, विमानतळ आहे. पागडीच्या जुन्या इमारतींचं काय होईल ते होवो, पण कुडींमधल्या वर्गणीच्या वह्या आणि सभासदांची नावं रद्दीत जाऊ नयेत असं मला फार वाटतं. तुमच्या घरी आजोबांची जुनी पाकिटं असतील तर त्यांवरचा मुंबईचा पत्ता जरा बघा. धोबीतलाव, गिरगाव, माझगाव, लालबाग, जे असेल ते खाली लिहा. पेडणे-डिचोलीवाल्यांनी तर नक्कीच.