एक-थेंब नियम

एक-थेंब नियम हे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रूढ झालेले वंशवर्गीकरणाचे तत्त्व होय. ज्या व्यक्तीचा एक जरी पूर्वज आफ्रिकन वंशाचा असेल, ती दिसायला कशीही असली तरी कृष्णवर्णीय मानावी, असे हे तत्त्व सांगते. आफ्रिकन रक्ताचा एक थेंबही पुरेसा आहे, या कल्पनेवरून हे नाव पडले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक राज्यांनी त्याला कायद्याचे रूप दिले. १९६७ नंतर त्याचा कायदेशीर आधार ढासळला. परंतु कोणाला कृष्णवर्णीय म्हणावे याविषयीच्या अमेरिकी समजुतीवर, तसेच कृष्णवर्णीयांच्या स्वतःविषयीच्या जाणिवेवर, त्याचा ठसा आजही आढळतो.

गुलामगिरीचा काळ

हा नियम गुलामगिरीइतकाच जुना असल्याचा समज आहे. तो बरोबर नाही. इंग्लंडमध्ये अपत्याचा दर्जा पित्यावरून ठरत असे. व्हर्जिनिया वसाहतीने १६६२ मध्ये तो मातेवरून ठरेल असा कायदा केला. त्यामुळे गुलाम स्त्रीला मालकापासून झालेली मुलेही गुलामच ठरली आणि मालकाच्या मालमत्तेत भर पडली. १६९१ मध्ये आंतरवंशीय विवाह करणाऱ्या श्वेतवर्णीयास वसाहतीतून हद्दपार करण्याची तरतूद झाली. मात्र वंशाची व्याख्या त्या मानाने सैल होती. १७८५ च्या व्हर्जिनियाच्या कायद्यानुसार ज्याच्यात एक-चतुर्थांश किंवा अधिक आफ्रिकन अंश असेल त्यालाच 'मुलाटो' म्हटले जाई.

या विसंगतीचे ठळक उदाहरण म्हणजे सॅली हेमिंग्ज यांची मुले. राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन हे त्यांचे पिता होते, असे बहुतेक इतिहासकार आज मानतात. या मुलांचा सात-अष्टमांश वंश युरोपीय होता. म्हणजे कायद्याने ती श्वेत होती, आणि आई गुलाम असल्यामुळे गुलामही होती. प्रौढ झालेल्या चार भावंडांपैकी तिघे पुढे श्वेत समाजात मिसळून गेले; मॅडिसन हेमिंग्ज तेवढे कृष्णवर्णीय समाजात राहिले.

कायद्यातील रूप

गुलामगिरी संपल्यावर गुलाम आणि स्वतंत्र ही सीमारेषा नाहीशी झाली. तिच्या जागी रंगाची रेषा अधिक कडक करण्यात आली. १८९६ च्या प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन खटल्यातील होमर प्लेसी सात-अष्टमांश श्वेत होते, तरीही त्यांना रेल्वेच्या श्वेतवर्णीयांसाठीच्या डब्यात बसू दिले गेले नाही. व्हर्जिनियाने १९१० मध्ये मर्यादा एक-षोडशांशावर आणली आणि १९२४ च्या 'वांशिक शुद्धता कायद्या'ने ती पूर्णपणे काढून टाकली. आता आफ्रिकन वंशाचा कोणताही अंश पुरेसा ठरला. याच कायद्यात मूळ अमेरिकन रक्ताचा एक-षोडशांशापर्यंतचा अंश मात्र क्षम्य होता, कारण व्हर्जिनियातील अनेक प्रतिष्ठित घराणी स्वतःला पोकाहोंटसचे वंशज म्हणवीत. रक्ताचे गणित कोणाच्या सोयीने मांडले गेले हे या अपवादावरून कळते.

कायद्याची अंमलबजावणी राज्याचे जन्म-मृत्यू निबंधक वॉल्टर प्लेकर यांनी केली. १९१२ ते १९४६ या कारकिर्दीत त्यांनी मूळ अमेरिकन म्हणून नोंदलेल्या असंख्य लोकांना कागदोपत्री कृष्णवर्णीय ठरविले. १९४३ मध्ये तर संशयित कुटुंबांच्या आडनावांची यादीच स्थानिक अधिकाऱ्यांकडे धाडण्यात आली. नोंदी अशा पुसल्या गेल्यामुळे व्हर्जिनियातील जमातींना आपले अस्तित्व सिद्ध करणे पुढे अवघड झाले. त्यांपैकी सहा जमातींना संघराज्याची मान्यता २०१८ मध्ये, काँग्रेसच्या कायद्याने मिळाली.

जनगणनेतही हाच प्रवास दिसतो. १८९० मध्ये 'मुलाटो', 'क्वाड्रून' व 'ऑक्टोरून' असे पोटभेद होते. १९३० मध्ये ते सारे जाऊन, अंश कितीही अल्प असला तरी 'निग्रो' अशीच नोंद करण्याची सूचना प्रगणकांना देण्यात आली.

लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२ जून १९६७ रोजी आंतरवंशीय विवाहबंदी एकमताने घटनाबाह्य ठरविली. तेव्हा १६ राज्यांत अशी बंदी होती. लुईझियानात मात्र एक-द्वात्रिंशांशाहून अधिक आफ्रिकन अंश असलेल्यास कृष्णवर्णीय ठरविणारा १९७० चा कायदा १९८३ पर्यंत टिकला. पारपत्रासाठी अर्ज करताना आपली नोंद कृष्णवर्णीय असल्याचे एका महिलेला कळले. ती न्यायालयात गेली आणि हरली. पण त्या गाजावाजामुळे कायदा रद्द झाला.

कृष्णवर्णीय समाज आणि हा नियम

बहिष्कारासाठी केलेला हा नियम कृष्णवर्णीयांनी हळूहळू आपलासा केला, ही त्याच्या इतिहासातील सर्वांत लक्षणीय बाब होय. गोऱ्या वर्णाची आणि सावळ्या वर्णाची माणसे एकाच बाजूला ढकलली गेल्यामुळे त्यांची चर्चे, शाळा, वृत्तपत्रे आणि संघटना एकच राहिल्या. समाजांतर्गत वर्णभेद त्यामुळे संपला नाही. परंतु नागरी हक्कांचा लढा उभा राहिला तो याच एकत्रित पायावर.

एनएएसीपी या संघटनेचे नेते वॉल्टर व्हाइट निळ्या डोळ्यांचे व सोनेरी केसांचे होते. दक्षिणेत श्वेत माणूस म्हणून वावरत त्यांनी झुंडबळींच्या घटनांचा तपास केला, पण स्वतःची ओळख आयुष्यभर कृष्णवर्णीय अशीच सांगितली. १९४९ मध्ये त्यांनी श्वेतवर्णीय पॉपी कॅनन यांच्याशी दुसरा विवाह केला. तेव्हा कृष्णवर्णीय समाजातूनच टीका झाली व राजीनाम्याची मागणी पुढे आली. जोडीदाराची निवड ही समाजनिष्ठेची कसोटी मानण्याची ही प्रवृत्ती आजही पूर्णपणे ओसरलेली नाही. प्यू संशोधन केंद्रानुसार २०१५ मध्ये नवविवाहित कृष्णवर्णीयांपैकी १८ टक्क्यांचा जोडीदार अन्य वंशाचा होता. पुरुषांत हे प्रमाण २४ टक्के, तर स्त्रियांत १२ टक्के होते. या तफावतीवर कृष्णवर्णीय स्त्रियांच्या लेखनात बरीच, आणि काही वेळा कडवट, चर्चा झाली आहे.

सद्यःस्थिती

१९९० च्या दशकात जनगणनेत 'बहुवंशीय' असा स्वतंत्र वर्ग असावा अशी मागणी झाली. कृष्णवर्णीयांची नोंदलेली संख्या घटून नागरी हक्क कायद्यांची अंमलबजावणी दुबळी होईल, या भीतीने नागरी हक्क संघटनांनी तिला विरोध केला. अखेर २००० पासून एकाहून अधिक वंश नोंदविण्याची मुभा मिळाली. मात्र नागरी हक्कांच्या देखरेखीसाठी 'श्वेत व कृष्णवर्णीय' अशी नोंद करणाऱ्यास कृष्णवर्णीयांतच गणावे, असे शासनाने ठरविले. जुनाच नियम अशा रीतीने संरक्षणासाठी वापरला गेला. २०२० च्या जनगणनेत ३ कोटी ३८ लाख लोकांनी एकाहून अधिक वंश नोंदविले.

बराक ओबामा यांच्या मातोश्री श्वेतवर्णीय होत्या; तरी २०१० च्या जनगणनेत त्यांनी केवळ 'कृष्णवर्णीय' हाच पर्याय निवडला. कमला हॅरिस यांच्या मातोश्री श्यामला गोपालन तमिळ, तर वडील जमैकन. जुलै २०२४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी, हॅरिस अलीकडेच 'कृष्णवर्णीय झाल्या' अशा आशयाचे वक्तव्य केले. हॅरिस यांचे शिक्षण हॉवर्ड या ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठात झाले आहे. ज्या देशात एक थेंब पुरेसा मानला जाई, तिथे आता थेंब पुरेसा आहे का, हा उलटा प्रश्न विचारला जाऊ लागला.

साहित्य व चित्रपट

वंश लपवून श्वेत समाजात वावरण्यास अमेरिकेत 'पासिंग' म्हणतात. याच नावाची नेला लार्सन यांची कादंबरी १९२९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यावरील २०२१ च्या चित्रपटाचे दिग्दर्शन रेबेका हॉल यांनी केले. त्यांच्या आईचे वडील स्वतः असेच श्वेत म्हणून जगले होते.